वैशाखांतील कळसूबाई

परीक्षा आटोपल्या, निकाल लागले आणि घरोघर आमरसाचीं ताटें वाढलीं जाऊं लागलीं, कीं कुटुंबांतील कोणी तरी 'यंदा एखाद्या डोंगरावर जाऊं या' अशी टूम काढतो. टूम चांगली आहे, व तिला मोडता घालण्याचा आमचा हेतु नाहीं. मात्र तींत एक अडचण आहे, आणि ती घरून निघण्यापूर्वींच ओळखलेली बरी. डोंगराचीं जीं चित्रें आपल्या मनांत ठसलेलीं असतात, तीं बहुधा श्रावणांतलीं : हिरवे कडे, पांढरे धबधबे, ढगांत बुडालेलीं शिखरें. शाळांची मोठी सुटी पडते ती मात्र वैशाखांत. म्हणजे सह्याद्रि जेव्हां अत्यंत रखरखीत असतो, नेमकी तेव्हां. चित्रांतील डोंगर आणि पायांखालचा डोंगर यांची अशी चुकामूक झाली म्हणजे पुष्कळांची फजिती होते, आणि क्वचित् गोष्ट फजितीवरच थांबत नाहीं. चांगलीं धडधाकट माणसें उन्हाच्या तडाख्यानें किल्ल्यांवर व डोंगरांवर दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यांत अधूनमधून वाचावयास मिळतात. अशा प्रसंगीं पायांतील शक्ति कमी पडते असें नाहीं. हिशेब कमी पडतो.

डोंगराची उंची बारा महिने तीच असते. वाट मात्र ऋतूगणिक बदलते. पावसाळ्यांत जो दगड शेवाळानें निसरडा असतो, तोच उन्हाळ्यांत तव्यासारखा तापतो. आश्विनांत जेथें झुळझुळ ओढा असतो, तेथें वैशाखांत पांढरे पडलेले गोटे असतात. म्हणून 'वाट सोपी आहे' असें कोणी सांगितलें, तर 'कोणत्या महिन्यांत ?' असा उलट प्रश्न विचारावयास आपण शिकलें पाहिजे. हा बदल नेमका कसा होतो, आणि उन्हाळ्यांतच जावयाचें असेल तर कसें जावें, याचा विचार एका ठराविक डोंगराला धरून केलेला बरा. त्यासाठीं महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, आपण घेऊं. एका दिवसांत चढून उतरतां येण्याजोगें आणि तरीहि गाफिलास न सोडणारें असें हें स्थळ आहे.

शिखर आणि त्याची कथा

कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच आहे. आपल्या राज्यांतील सर्वांत उंच किल्ला जो साल्हेर, तो १५६७ मीटर, व सर्वपरिचित हरिश्चंद्रगड १४२४ मीटर; यावरून तुलना करतां येईल. पूर्वीचा अहमदनगर व आतांचा अहिल्यानगर जिल्हा यांतील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर हा डोंगर उभा आहे. १९८६ सालीं स्थापन झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत त्याचा समावेश होतो. मुंबई-नाशिक मार्गावरील घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी नांवाचें गांव लागतें. शिखराची रुळलेली वाट येथूनच, डोंगराच्या पूर्वेकडील अंगानें चढते. अंतर ऐकून कोणी दचकणार नाहीं. परंतु उभा चढ आठशे-नऊशे मीटरांचा आहे. घराचा एक मजला तीन मीटरांचा धरला, तर जवळजवळ तीनशे मजले चढून जाण्यासारखें हें काम आहे, हें घरांतील वडीलधाऱ्यांना आधींच सांगावें.

शिखरावर कळसूबाईचें लहानसें देऊळ आहे. नवरात्रांत येथें यात्रा भरते, आणि परिसरांतील महादेव कोळी समाजाची या देवीवर मोठी श्रद्धा आहे. देवीची कथा अशी सांगतात, कीं कळसू नांवाची एक मुलगी एका घरीं कामास राहिली. पण राहतांना तिनें अट घातली, कीं भांडीं घासण्याचें आणि केर काढण्याचें काम मला सांगूं नये. कांहीं दिवस सारें सुरळीत चाललें. एके दिवशीं घरांतील कोणी तरी तिला तींच कामें सांगितलीं. तिनें तीं मुकाट्यानें केलीं, आणि ती डोंगरावर निघून गेली, ती पुन्हां खालीं आलीच नाहीं. कथेचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या परीनें लावावा. आम्हांला मात्र ती या डोंगराला शोभून दिसते. कारण उन्हाळ्यांत हा डोंगर येणाऱ्याला नाहीं म्हणत नाहीं, पण दोन अटी घालतो. एक अट वेळेची, दुसरी पाण्याची.

काळ्या दगडाचा जिना

या अटी कशामुळें पडल्या हें समजण्यासाठीं डोंगराची घडण पाहिली पाहिजे, आणि ती पाहावयास उन्हाळ्याइतका चांगला ऋतु दुसरा नाहीं. गवत वाळून बसलेलें असतें, बरीच झाडें निष्पर्ण असतात, आणि सह्याद्रीचा सांपळा उघडा पडलेला असतो. बारींतून वर पाहिलें, तर आडव्या रेघा मारल्याप्रमाणें थरावर थर दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वेळोवेळीं बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे हे थर होत. हा रस थिजून जो काळा दगड बनला, तो बेसाल्ट. शास्त्रज्ञ या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, व त्यांतील 'ट्रॅप' या शब्दाचें मूळ स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या अर्थाच्या शब्दांत आहे. नांव अगदीं यथार्थ आहे. टणक थर झिजत नाहीं, त्याची उभी भिंत राहते. ठिसूळ थर झिजतो, त्याचा उतार किंवा सपाटी होते. म्हणून येथील चढ सलग नसतो. थोडी सपाटी, मग भिंत; पुन्हां सपाटी, पुन्हां भिंत.

उन्हाळ्याच्या दृष्टीनें या घडणीचे दोन परिणाम होतात. पहिला असा, कीं माती व झाडी टिकते ती सपाटीवर. भिंतीवर सावलीचें नांव नसतें. म्हणजे जेथें श्रम सर्वांत अधिक, तेथेंच ऊन सर्वांत अधिक. दुसरा परिणाम असा, कीं काळा दगड सकाळपासून उष्णता पीत राहतो आणि दुपारीं ती परत टाकूं लागतो. त्या वेळीं चढणारा मनुष्य वरून सूर्यानें व बाजूनें दगडानें, असा दोहोंकडून भाजला जातो. वर्तमानपत्रांत छापलेलें तपमान सावलींतलें असतें. कातळाचें तपमान कोणी छापीत नाहीं.

वाटेची उन्हाळी अवस्था

बारीहून निघाल्यावर प्रथम शेतें लागतात. पावसाळ्यांत येथें भाताचीं खाचरें भरलेलीं असतात. उन्हाळ्यांत जमीन भेगाळलेली व बांध कोरडे असतात. पुढें ओढ्याचें पात्र लागतें. वैशाखांत तें बहुधा कोरडेंच असतें, आणि त्यांतील गोट्यांवरून चालतांना घोटा मुरगळण्याचा संभव अधिक. तेव्हां अंधारांत विजेरीचा उजेड पायांपुढें धरावा, लांब फेंकूं नये. येथपर्यंत वाट सौम्य आहे, व त्यामुळेंच फसवी आहे. मुलें या टप्प्यांत पळत सुटतात आणि पुढील टप्प्यांत बसकण मारतात. आरंभींच त्यांना मंद चालीची संवय लावावी. बोलतां बोलतां चालतां येईल, परंतु बोलतांना धाप लागणार नाहीं, हीच योग्य गति समजावी.

पुढें चढ सुरू होतो, तो कोठें दगडी पायऱ्यांचा, कोठें उघड्या कातळाचा, कोठें मुरमाचा. या तिघांत मुरूम सर्वांत लबाड. ठिसूळ थर झिजून वाटाण्याएवढे खडे सुटे होतात व टणक कातळावर पसरतात. पावसाळ्यांत ओल त्यांना धरून ठेवते. उन्हाळ्यांत तें बंधन नसतें, आणि वर्षभर हजारों पावलांनीं ते अधिकच सैल केलेले असतात. फरशीवर हरभरे सांडावे आणि त्यांवर पाय पडावा, तशी गत होते. यावर उपाय म्हणजे पाऊल पूर्ण टेकवून, आंखूड टाकणें, आणि शक्य तेथें खड्यांपेक्षां उघड्या खडकावर टाकणें. कोरडा बेसाल्ट खरबरीत असतो व पायाला चांगला धरतो. उन्हाळ्यानें दिलेली ही एक सवलत आहे, तिचा लाभ घ्यावा.

वाळलेल्या गवताविषयींहि सावध राहिलें पाहिजे. उतारावर निजलेल्या त्याच्या काड्या चटईसारख्या घसरतात. वाट सोडून गवतांतून जवळचा रस्ता काढणें हें म्हणूनच अविचाराचें. शिवाय फुरसें, घोणस यांच्यासारखे साप व विंचू यांचा आश्रय गवतांत व सुट्या दगडांखालींच असतो. बसण्यापूर्वीं जागा काठीनें ठोकून पाहावी, आणि जेथें दिसत नाहीं अशा खोबणींत हात घालूं नये.

उभ्या भिंतींवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. त्या आहेत म्हणून सामान्य गृहस्थाला हें शिखर साध्य झालें आहे. परंतु उन्हाळ्यांत तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, लोखंड दगडापेक्षांहि लवकर तापतें. सकाळीं दहा-अकरानंतर कठडा हातानें धरवत नाहीं, आणि हात सुटला म्हणजे तोल जातो. पातळ सुती हातमोजे, नाहीं तर निदान एक रुमाल जवळ असावा. दुसरी, उतरतांना उभ्या शिडीवर तोंड शिडीकडे ठेवावें. मुलांना दोन मोठ्या माणसांच्या मध्यें घ्यावें. तिसरी गोष्ट फारशी कोणी लक्षांत घेत नाहीं : सुटीच्या दिवशीं शिड्यांपाशीं रांग लागते. वर जाणारे व खालीं येणारे एकाच जागीं अडकतात, आणि ही रांग नेमकी बिनसावलीच्या कातळावर असते. चढावयास तीन तास लागतील असा हिशेब करणाऱ्यानें रांगेचा वेळ निराळा धरावा. अथवा शनिवार-रविवार टाळून मधल्या वारीं जावें, हें सर्वांत उत्तम.

पहिली अट : वेळ

आतां वेळेच्या अटीकडे वळूं. कळसूबाई सुमारें साडेएकोणीस अक्षांशावर आहे. या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य मध्यान्हीं अगदीं माथ्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशींच नाहींशी होते. शहरांत हा एक कौतुकाचा विषय. मुलें अंगणांत काठी रोवून तो पाहतात. डोंगरावर याच गोष्टीचा अर्थ असा, कीं दुपारीं बारा-साडेबाराच्या वेळीं उंचांत उंच कड्यालाहि सावली नसते. 'ऊन झालें तर कड्याच्या आडोशाला बसूं' हा बेत हिवाळ्यांत चालतो, मे महिन्यांत चालत नाहीं.

त्यांत आणखी बारीची वाट पूर्वेच्या अंगाची. पश्चिमेकडील उतारांना सकाळीं कांहीं काळ डोंगराचीच सावली मिळते. येथें सूर्य उगवल्या क्षणापासून पाठीवर असतो. मेच्या मध्यास तो सहाच्या सुमारास उगवतो व आठ वाजतां चांगलाच चटके देऊं लागतो. यावरून हिशेब सरळ निघतो. पहांटे साडेचार-पांचला बारी सोडावी. सामान्य प्रकृतीच्या कुटुंबाला चढावयास तीन ते साडेतीन तास लागतात. म्हणजे आठ-साडेआठला शिखर. देवीचें दर्शन, न्याहारी, विसावा यांना पाऊण तास. नवाच्या सुमारास उतरावयास लागावें, म्हणजे साडेअकराच्या आंत पायथा गांठतां येतो. पहांटे पांचला निघावयाचें तर आदल्या संध्याकाळींच बारीस मुक्काम केला पाहिजे. गांवांत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते. आधीं कळवून ठेवावें. मुंबईहून किंवा पुण्याहून सकाळीं निघून अकराला चढावयास लागणें हा बेत वैशाखांत मनांतहि आणूं नये.

वर हवा थंड असते, मग एवढी धास्ती कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उंचीबरोबर हवेचें तपमान सरासरीनें दर हजार मीटरांस साडेसहा अंशांनीं उतरतें, हें खरें. त्या हिशेबानें शिखर बारीपेक्षां पांच-सहा अंशांनीं थंड असावयाचें. परंतु ही थंडाई हवेची, उन्हाची नव्हे. उंचीवर सूर्याचे त्वचेस जाळणारे किरण उलट अधिक प्रखर होतात. शिवाय माथ्यावर वारा असतो. तो घाम येतांच सुकवितो, अंग कोरडें राहतें, आणि आपल्याला घाम येतच नाहीं अशी समजूत होते. शरीरांतील पाणी मात्र चाललेलेंच असतें. उन्हाळ्यांतील वारा जितका सुखाचा, तितकाच फसविणारा.

दुसरी अट : पाणी

अशा श्रमांत मोठ्या माणसाचें ताशीं अर्धा ते एक लिटर पाणी सहज खर्च होतें. सहा-सात तासांसाठीं माणशीं तीन ते चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर घेतल्यावांचून पायथा सोडूं नये. एकाच्या पिशवींत सगळ्यांचें पाणी, ही व्यवस्था वाईट. मंडळी पुढें-मागें होतात, आणि तहानलेला मागें राहतो. तहान लागण्याची वाट न पाहतां दर पंधरा-वीस मिनिटांनीं चार-दोन घोट घ्यावे.

नुसतें पाणीहि पुरत नाहीं. घामावाटे मीठ जातें. तें न देतां पाणीच पाणी पीत गेल्यास रक्तांतील क्षार पातळ होऊन डोकें दुखतें, मळमळतें, व प्रसंगीं भ्रमहि होतो. या बाबतींत आपल्या स्वयंपाकघराला परक्याकडून शिकण्यासारखें फारसें नाहीं. कैरीचें पन्हें, कोकमाचें सरबत, मीठ घातलेलें ताक, लिंबाचें सरबत हीं सर्व उन्हाळ्याचीं पेयें मीठ-साखरेचींच आहेत. ताक मात्र उन्हांत फार वेळ टिकत नाहीं, तें आरंभीं प्यावें. घरीं क्षारजल करावयाचें, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ हें प्रमाण अचूक ठेवावें; मीठ अधिक घातल्यानें गुण वाढत नाहीं, अपाय होतो.

उन्हाची बाधा पायरीपायरीनें चढते, म्हणून तिचीं लक्षणें घरांतील दोघां-तिघांना तरी पाठ असावीं. पोटऱ्यांत पेटके येणें, डोकें दुखणें, उमासे येणें, अंग गार व ओलसर लागणें, ही पहिली सूचना. येथेंच थांबून, सावलींत बसवून, कपडे सैल करून, क्षारजल दिलें व नंतर परत फिरलें, तर बहुधा निभावतें. परंतु मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या देऊं लागला, चिडखोर किंवा गुंगल्यासारखा झाला व अंग तापलें, तर तो उष्माघात समजावा. शरीराचें तपमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलें, कीं मेंदू व इतर इंद्रियें धोक्यांत येतात. घाम थांबलाच पाहिजे असें नाहीं. श्रमानें आलेल्या उष्माघातांत अंग घामानें निथळतहि असतें. अशा वेळीं आधीं अंग थंड करावें. जवळचें सगळें पाणी डोक्यावर, मानेवर, काखेंत, जांघेंत ओतावें, कपड्यानें सारखा वारा घालावा, व त्याच वेळीं १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावें. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. डोंगरावरून माणूस उचलून खालीं आणावयास तास जातात. वर मिळालेला गारवाच त्याचे प्राण वांचवितो.

आतां पाण्यासंबंधीं एक निराळी गोष्ट, जी बहुतेक प्रवासवर्णनांत येत नाहीं. शिखराखालच्या सपाटीवर एक विहीर आहे. 'वर विहीर आहे, पाणी कशाला वाहून न्यावयाचें ?' असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. वैशाखांत त्या पाण्याचा भरंवसा धरणें हा वेडेपणा आहेच. पण प्रश्न केवळ आपल्या तहानेचा नाहीं. हा सारा मुलूख पावसाळ्यांत धो धो पावसाचा. तरीहि उतार उभा, दगड घट्ट, माती थोडी. त्यामुळें पडलेलें पाणी जिरत नाहीं, धांवत सुटतें. खालीं प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण तें अडवितें, व कालव्यांनीं तें दूरच्या सखल प्रदेशांतील शेतांना जातें. डोंगराच्या कुशींतील वाड्या-पाड्यांना मात्र तें पाणी डोळ्यांनीं दिसतें, हाताला लागत नाहीं. उन्हाळा चढत गेला, कीं येथील बायका-मुलींना डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीची वाट तुडवावी लागते. आपण ज्या चढावर दोन बाटल्यांचें ओझें नको म्हणतों, तसल्याच वाटांवर त्यांचें रोजचें पाणी चालत येतें. म्हणून पायथ्याच्या विहिरीवर हातपाय धुणें, झऱ्याच्या डबक्यांत साबण लावणें, मोटार धुणें या गोष्टी केवळ असभ्य नव्हेत; ती दुसऱ्याच्या तोंडचें पाणी काढून घेण्याची गोष्ट आहे. आपलें पाणी आपण घोटीहून भरून आणावें. वाटेवर गांवकरी ताक-सरबत विकतात तें मात्र अवश्य विकत घ्यावें. आणि किंमतीविषयीं घासाघीस करण्यापूर्वीं, यांतील प्रत्येक थेंब कोणाच्या तरी डोक्यावरून वर आला आहे, हें आठवावें.

दुपारचे तीन शत्रु

वेळेची अट मोडणाऱ्यास उन्हाखेरीज आणखी तीन संकटांना तोंड द्यावें लागतें. पहिलें वळवाचें. एप्रिल-मेमध्यें दुपारनंतर एकाएकी ढग जमतात, वारा सुटतो व विजा पडूं लागतात. शिखर म्हणजे आसमंतांतील सर्वांत उंच टोंक, आणि शिड्या व कठडे लोखंडाचे. अशा वेळीं याहून धोक्याची जागा नाहीं. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून माथा व लोखंड ताबडतोब सोडावें, एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हां वर जाऊं नये.

दुसरें संकट आग्या मोहोळांचें. कड्यांच्या आडोशाला हीं लोंबत असतात. धूर, दगड मारणें, आरडाओरडा व उग्र अत्तरें यांनीं माशा खवळतात. शिडीवर असतांना त्यांचा हल्ला झाला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. मुलांना दगड भिरकावण्यापासून परावृत्त करावें, आणि सुगंधी द्रव्यें घरीं ठेवावीं. माशा अंगावर आल्याच, तर तोंड-डोळे झांकून त्या जागेपासून दूर व्हावें, हात झाडीत उभें राहूं नये.

तिसरें संकट वणव्याचें. वाळलेल्या गवताला विडीचें एक थोटूक पुरतें, आणि आग उतारावरून वर चढते ती माणसाच्या पावलांहून वेगानें. अभयारण्यांत चूल पेटविणें तर सर्वथा वर्ज्य. न्याहारी घरूनच बांधून न्यावी. दशम्या, गुळपोळी, खजूर हीं उन्हांत बरीक टिकतात व तहानहि फार वाढवीत नाहींत.

मग उन्हाळ्यांत जावें तरी कशाला ?

एवढे नियम ऐकून एखादी गृहिणी म्हणेल, त्यापेक्षां घरीं वाळ्याचे पडदे लावून बसलेलें काय वाईट ? तिला उत्तर असें, कीं ग्रीष्माचेंहि एक वैभव आहे. कालिदासाच्या नांवावर चालत आलेल्या 'ऋतुसंहार' काव्याचा आरंभच ग्रीष्मवर्णनानें होतो. पहांटेच्या अंधारांत वाट चढूं लागावें, मागें बारीचे दिवे बारीक होत जावे, आणि पहिल्या-दुसऱ्या शिडीपाशीं पूर्व उजळावी, हा आनंद पावसाळ्यांतील ढगांत मिळत नाहीं. वाटेच्या कडेला करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर फळांनीं लदलेल्या असतात. शिखरावरून पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग हें दुर्गत्रिकूट व दक्षिणेच्या अंगास भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. उन्हाळ्याची धूसर हवा दूरचें पुसून टाकते खरी, पण सकाळीं लवकर पोहोंचणाऱ्यास तीहि पुष्कळ कांहीं ठेवते. आणि मे महिना संपतां संपतां, पहिल्या सरींच्या सुमारास, या परिसरांतील झाडें रात्रीं काजव्यांनीं लखलखूं लागतात. आदल्या रात्रींचा मुक्काम त्या वेळीं साधला, तर मुलें तो जन्मभर विसरणार नाहींत. मात्र काजवे दुरूनच पाहावे, विजेऱ्या विझवाव्या, आणि डबींत भरून आणूं नयेत.

हृदयविकार, अति रक्तदाब, नुकतें आलेलें आजारपण, किंवा गुडघ्यांची कुरकूर ज्यांना असेल त्यांनीं वैशाखांत हा चढ करूं नये. विशेषतः गुडघ्यांची परीक्षा चढतांना नव्हे, उतरतांना होते. थकलेले पाय, सैल मुरूम व वाढतें ऊन हीं तिन्ही एकदम तेव्हांच भेटतात. अशा मंडळींनीं पहिल्या देवळापर्यंत जाऊन, करवंदें खाऊन परतावें, व शिखर नवरात्रानंतरच्या दिवसांसाठीं राखून ठेवावें. त्या वेळीं ओढे वाहते असतात, हवा निवळलेली असते, आणि या दोन्ही अटी पुष्कळच सैल झालेल्या असतात.

राहिली एक शेवटची तजवीज, आणि ती घरींच करावयाची आहे. परत फिरण्याची वेळ आदल्या रात्रीं सर्वांच्या देखत ठरवावी : साडेनऊ वाजतां, किंवा प्रत्येकाजवळचें पाणी निम्म्यावर येतांच, जेथें असूं तेथून मागें वळावयाचें. ही वेळ डोंगरावर ठरवूं लागल्यास ती कधींच ठरत नाहीं. शिखर समोर दिसत असतें, मुलें हट्ट धरतात, आणि कोणासहि भित्रा म्हणवून घ्यावयाचें नसतें. घरांतील ज्या व्यक्तीचा शब्द कोणी मोडीत नाहीं, तिच्या हातीं घड्याळ द्यावें. सुटीनंतर मुलें वहींत लिहितीलच, कीं कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तिच्याखालीं, आपण किती वाजतां परत फिरलों, हेंहि त्यांना लिहावयास सांगावें.